दारातला इतिहास आणि वर्गातला कंटाळा

शालेय विद्यार्थ्यांना इतिहासाचा कंटाळा येतो, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की त्याची शहानिशा करावी असे कोणास वाटत नाही. शिक्षक ते करतात, पालक त्यास दुजोरा देतात आणि मुले गुणपत्रिकेतून त्याचा पुरावा सादर करतात. परंतु हीच मुले सहामाही परीक्षा आटोपताच अंगणात, इमारतीच्या मागील मोकळ्या जागेत, नाहीतर जिन्याखाली दगड, विटा आणि माती जमवून किल्ला बांधावयास बसतात. बुरूज कोठे हवा, दरवाजा समोरून दिसू द्यावा की बुरजाआड लपवावा, गडावर पाण्याचे टाके कोठे खोदावे, यावर त्यांच्यात तासन् तास वाद झडतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाण्याची पाहणी करण्याचा जो आग्रह धरला आहे, तोच आग्रह एखादा दहा वर्षांचा मुलगा त्या ग्रंथाचे नावही न ऐकता धरताना दिसतो. मग जून महिन्यात त्याच मुलाला त्याच गडांविषयीचा धडा नीरस का वाटावा? दोष इतिहासाचा नाही, मुलाचाही नाही. किल्ला बांधताना त्याला एक प्रश्न सोडवावयाचा असतो. वर्गात त्याला फक्त उत्तर सांगितले जाते.

इतिहासाचा तास आनंददायी व्हावा म्हणून जे उपाय सुचविले जातात, त्यांची परीक्षा या एका कसोटीवर करावयास हवी. ऐतिहासिक वेशभूषेच्या स्पर्धा, प्रश्नमंजूषा, नाट्यप्रवेश, पडद्यावर दाखविल्या जाणाऱ्या चित्रफिती हे सारे उपाय आज शाळाशाळांतून योजिले जात आहेत आणि त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. तथापि, भरजरी अंगरखा घातलेला विद्यार्थी जर पाठ केलेलेच भाषण म्हणून दाखवीत असेल, तर पाठांतराला पोशाख चढला एवढाच त्याचा अर्थ. कडू गोळीला साखरेचे आवरण दिल्याने ती गिळणे सोपे होते, पण म्हणून तिला कोणी जेवण म्हणत नाही. विद्यार्थ्याच्या हाती काही पुरावा यावा, त्याविषयी त्याला शंका यावी आणि ती शंका त्याने स्वतः फेडावी, यात जी गंमत आहे ती कोणत्याही रंगभूषेत नाही.

आता असा पुरावा शाळेने आणावयाचा कोठून? प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या मध्य रेल्वेवरील तीन शहरांपुरते बोलावयाचे तर याचे उत्तर असे की, तो आणावयास नकोच. तो दारातच आहे. मुंबईची उपनगरे म्हणून या शहरांकडे पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. सकाळी गाडीत चढावयाचे आणि रात्री परतावयाचे एवढाच या गावांशी अनेकांचा संबंध. मुलेही त्याच दृष्टीने आपल्या गावाकडे पाहतात: इतिहास रायगडावर घडला, पानिपतावर घडला, दिल्लीत घडला, आपल्या गावात घडत असते ती फक्त गर्दी आणि पाणीटंचाई.

गुणांचे अर्थशास्त्र

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने इतिहासाच्या अध्यापनात लुडबूड का करावी, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे एक कारण असे की, अकरावी-बारावीनंतर आमच्या वर्गात येणारे विद्यार्थी ‘उद्योगांचे स्थानिकीकरण’ या प्रकरणाची सात कारणे क्रमवार सांगतात. पण स्वतः ज्या औद्योगिक गावात वाढले तेथे कारखाने का आले, असे विचारताच गप्प होतात. दुसरे कारण असे की, वर्गातील कंटाळ्याचे मूळ शोधावयाचे तर ते बरेचसे अर्थशास्त्रातच सापडते. ज्याचे मोल मिळते त्याचे उत्पादन होते. दहावीच्या परीक्षेत इतिहास व राज्यशास्त्राचा लेखी पेपर चाळीस गुणांचा असतो. गणिताला आणि विज्ञानाला शिकवणी लावणारा पालक या चाळीस गुणांसाठी मार्गदर्शक पुस्तक आणून देतो आणि निश्चिंत होतो. शाळाही तेच करते. ज्या शिक्षकाचे तास कमी भरतात त्याच्या वाट्यास इतिहास येतो, मग त्याचा स्वतःचा विषय कोणताही असो. अशा शिक्षकाने धडा वाचून दाखवावा आणि स्वाध्यायाची उत्तरे फळ्यावर लिहून द्यावीत, यात नवल ते काय?

गंमत अशी की, पाठ्यपुस्तके या बाबतीत वर्गाच्या पुढे आहेत. बालभारतीच्या सातवीच्या आणि आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकांत आरंभीच इतिहासाच्या साधनांची ओळख करून दिलेली आहे. दहावीच्या पुस्तकाने तर इतिहासलेखनाची परंपरा आणि उपयोजित इतिहास हेच विषय हाती घेतले आहेत. पण होते काय? भौतिक, लिखित आणि मौखिक अशी साधनांची वर्गवारी मुले पाठ करतात. ‘शिलालेख हे कोणत्या प्रकारचे साधन आहे?’ या प्रश्नाचे एका शब्दातील उत्तर लिहून एक गुण मिळवितात आणि शिलालेख मात्र आयुष्यात एकही पाहत नाहीत. पोहण्याच्या हातवाऱ्यांची नावे तोंडपाठ झाल्याने कोणी नदी पार करीत नाही.

एका आकड्याची कथा

अंबरनाथचे शिवमंदिर हा या परिसरातील सर्वांत प्रसिद्ध अवशेष. वालधुनीच्या काठी उभ्या असलेल्या या देवालयाच्या भिंतींवरील शिल्पे पाहावयास लांबून अभ्यासक येतात. गाभारा सभामंडपाच्या पातळीवरून पायऱ्या उतरून खाली, आणि वरचे शिखर अपुरे, त्यामुळे आत उभे राहिले की डोक्यावर आकाश दिसते. गावातील मुलांना हे मंदिर ठाऊक असते ते महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे. ते पांडवांनी एका रात्रीत बांधले, हेही त्यांनी ऐकलेले असते. आणि कोणा मोठ्या माणसाने ते ‘हेमाडपंती’ आहे, असेही सांगितलेले असते.

येथे शिक्षकाने काहीच सांगू नये, फक्त विचारावे. हे मंदिर किती जुने, हे कसे कळेल? मंदिराच्या उत्तरेकडील दाराच्या तुळईवर एक शिलालेख आहे. शिलाहार राजा माम्वाणी, म्हणजेच मुम्मुणी, याच्या काळातील तो लेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात त्यातील वर्ष शके ७८२ असे वाचले. म्हणजे मंदिर इसवी सन ८६० चे ठरले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि पहिला आकडा सात नसून नऊ आहे, असे दाखवून दिले. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. एका झिजलेल्या आकड्याने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले. आणि हे भगवानलाल कोण? भाऊ दाजींच्याच हाताखाली ज्यांनी अनेक वर्षे लेखांचे ठसे घेतले आणि लेख वाचले, ते त्यांचे सहायक. गुरूच्या वाचनातील चूक शिष्याने दुरुस्त केली आणि विद्येच्या क्षेत्रात याने कोणाचा अपमान झाला नाही, हा धडा कोणत्याही सुभाषितापेक्षा मुलांच्या मनावर अधिक ठसेल.

आता याच आकड्याच्या आधारे मुलांना पुढचे कोडे घालता येते. हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री, हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. तो होऊन गेला तेराव्या शतकात. मंदिर उभे राहिले १०६० मध्ये. मग ते हेमाडपंताने कसे बांधले असेल? सातवीतील कोणताही मुलगा ही वजाबाकी करील आणि मोठ्यांनी सांगितलेली एक गोष्ट आपण पुराव्याने तपासली, याचा त्याला जो आनंद होईल तो चित्रफितीने होणार नाही. मग ‘हेमाडपंती’ हे नाव एका बांधणीला सरसकट कसे चिकटले, या प्रश्नाकडे त्याला नेता येईल. पांडवांची कथा खोटी म्हणून हिणवण्याचेही कारण नाही. अतिभव्य वास्तू पाहिली की तिचे कर्तृत्व पांडवांकडे सोपविण्याची आपल्या लोकांची रीत आहे. अशा आणखी किती वास्तू विद्यार्थ्यांना सांगता येतात, याची यादी करावयास लावावी.

हे काम मुलांकडून होणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १८६८ साली या मंदिराची रेखाचित्रे काढण्याचे आणि शिल्पांचे साचे घेण्याचे काम सरकारने हाती घेतले, तेव्हा ते करावयास गेले ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी होते. आज हे मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याला हात लावणे, ठसे घेणे योग्य नव्हे. परंतु कागद आणि पेन्सिल घेऊन अर्धा तास एका शिल्पासमोर बसण्यास कोणाची हरकत असणार? चित्र चांगले येण्याची गरज नाही. चित्र काढताना डोळा जे पाहतो ते नुसते फिरून जाताना पाहत नाही, एवढेच.

दोन पैंची आगपेटी

मंदिर हे एका राजाच्या इच्छेने झाले. पण आजचे अंबरनाथ घडले ते आगगाडीने आणि कारखान्यांनी. आणि हा इतिहास तर आमच्या शास्त्राच्या फार जवळचा. मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ मध्ये सुरू झाली, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली आणि १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीकडे जाणारा फाटा सुरू झाला. म्हणजे अंबरनाथ-बदलापूरच्या शिवारातून गाडी धावू लागली त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. बोरघाट चढून ती पुढे गेली १८६३ मध्ये. रोज ज्या रुळांवरून आई-वडील कामास जातात, ते घाटाच्या आधी येथेच का टाकले गेले, हा प्रश्न नकाशा समोर ठेवून विचारला तर भूगोलाचा तासही त्यात सामावतो.

त्यानंतर आगपेटी. भारत सरकारने १९२२ मध्ये बाहेरून येणाऱ्या आगपेट्यांवरील जकात वाढवून ग्रोसला दीड रुपया केली. ग्रोस म्हणजे १४४ पेट्या. रुपयाचे आणे सोळा, आण्याच्या पै बारा. तेव्हा दीड रुपयाच्या पै झाल्या २८८. म्हणजे एका पेटीवर बरोबर दोन पै. पाचवीतला मुलगा हा हिशेब करू शकतो. पण या दोन पैंनी काय केले? भारतात आगपेट्या पाठविणाऱ्या स्वीडनमधील बलाढ्य कंपनीला तयार माल आणणे परवडेनासे झाले आणि तिने येथेच कारखाने काढावयाचे ठरविले. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली विम्को, उभी राहिली आणि तिचा कारखाना अंबरनाथला आला. त्याआधी १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीनेही रासायनिक उत्पादनासाठी अंबरनाथच निवडले होते. १९५३ मध्ये संरक्षण खात्याचा यंत्रसामग्रीचा कारखाना आला आणि मग औद्योगिक वसाहत.

आगपेटीचा कारखाना आज बंद आहे. नाव मात्र लोकांच्या बोलण्यात उरले आहे. ज्यांच्या आजोबांनी किंवा आजीने तेथे काम केले अशी कितीतरी घरे अंबरनाथमध्ये असतील. त्या घरांतील जुनी हजेरीपत्रके, पगाराच्या पावत्या, संघटनेच्या वर्गणीच्या चिठ्ठ्या, सेवापूर्तीच्या समारंभाची छायाचित्रे, एखादी जपून ठेवलेली आगपेटी या वस्तू शाळेच्या एका टेबलावर मांडल्या की औद्योगिक क्रांतीच्या धड्याला आपले गाव जोडले जाते. जकातीने देशी उद्योगाला संरक्षण मिळते, की परकी कंपनी भिंतीच्या आत येऊन बसते, हा वाद तेव्हाही झाला होता आणि आजही मिटलेला नाही. नववी-दहावीच्या मुलांनी तो दोन्ही बाजूंनी लढवावा. वादसभेसाठी ‘विज्ञान शाप की वरदान’ या झिजलेल्या विषयापेक्षा हा विषय खचितच जिवंत आहे.

छावणीची आठवण

उल्हासनगरची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक नाजूक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैन्यासाठी उभारलेली छावणी युद्ध संपताच ओस पडली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना या छावणीच्या बराकींतून आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथील पत्ता कॅम्प नंबर एक ते पाच असा सांगितला जातो आणि बराकीचा क्रमांक अनेक घरांना चिकटून राहिला आहे. पत्ता हेच तेथील ऐतिहासिक साधन होय. आपण ज्या वस्तीत राहतो तिला ‘कॅम्प’ का म्हणतात, हे किती विद्यार्थ्यांना सांगता येईल?

येथील मुलांसाठी एक लहानसा प्रश्न पुरेसा आहे. सिंध १८४७ पासून मुंबई इलाख्याला जोडलेला होता आणि १ एप्रिल १९३६ रोजी तो वेगळा प्रांत झाला. म्हणजे १९४७ मध्ये जे लोक परमुलखात आलो असे समजत होते, ते अकरा वर्षांपूर्वीपर्यंत याच इलाख्याचे रहिवासी होते. मग ‘आपला प्रांत’ आणि ‘परका प्रांत’ या कल्पना इतक्या लवकर कशा बदलतात? फाळणीच्या धड्यात पंजाब आणि बंगालचे नकाशे असतात, कारण ते प्रांत विभागले गेले. सिंध विभागला गेला नाही; तो पूर्णच पलीकडे राहिला आणि त्यातील हिंदू समाजाला नकाशावर दाखविण्यासारखी भूमी उरली नाही. हे दुःख पाठ्यपुस्तकातील रेषेत मावत नाही. ते माणसांच्या तोंडूनच ऐकावे लागते.

मात्र येथे शिक्षकाने फार सांभाळावयास हवे. ‘आजी, तुमच्यावर काय अत्याचार झाले ते सांगा’ असे विचारण्यासाठी आठवीतील मुलांना पाठविणे हा शुद्ध अविचार ठरेल. त्यांनी साधे प्रश्न विचारावेत. निघताना बरोबर काय घेतले होते? कोणत्या बंदरातून, कोणत्या गाडीने आलात? बराकीत एका खोलीत किती कुटुंबे होती आणि मध्ये आडोसा कशाचा? शिधा कसा मिळे? पहिली कमाई कशाची? पापड लाटून, गोळ्या-बिस्किटे गाडीत विकून संसार उभे केल्याच्या हकिकती अशा प्रश्नांतूनच बाहेर येतात, आणि सांगणाऱ्याला जे सांगावयाचे नसते ते न सांगण्याचा मानही राहतो. कोणाकडे अरबी लिपीतील सिंधी पत्रे असतील; नातवंडांना ती वाचता येत नाहीत. ती वाचणारे कोणी शेजारी शोधणे हाही इतिहासाचाच स्वाध्याय. छावणीपूर्वी या जमिनीवर गावे होती, शेते होती. त्या गावांतील जुन्या मराठी कुटुंबांनाही हेच विचारावे. एकाच वर्गात बसणाऱ्या सिंधी, मराठी आणि उत्तरेकडून आलेल्या मुलांनी एकमेकांच्या आजी-आजोबांना प्रश्न विचारले, तर एकात्मतेवरील दहा व्याख्यानांचे काम एका दुपारी होईल.

दंतकथेचे काय करावे?

बदलापूरच्या शाळांपुढे वेगळी अडचण आहे. तेथे शिलाहारांचा लेख नाही. पण गावाच्या नावाची एक कथा प्रत्येकाने ऐकलेली आहे: सुरतेच्या मार्गावर शिवाजीमहाराजांचे घोडे येथे बदलले जात, म्हणून बदलापूर. ही कथा खरी की खोटी, याचा निर्णय शिक्षकाने देऊन टाकू नये. ती खरी ठरण्यासाठी कोणता पुरावा लागेल, हे वर्गाला विचारावे. सुरतेची स्वारी १६६४ च्या जानेवारीतील. त्याआधीच्या एखाद्या कागदात हे नाव आढळले तर कथेचे काय होईल? पुढच्या काळातील कागदात नाव वेगळ्या रूपात आढळले तर काय? घोडे बदलण्याचे ठिकाण कोणत्या वाटेवर सोयीचे, हे नकाशावर दाखविता येईल का? कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये स्वराज्यात आली, याचा या कथेशी काही संबंध लागतो का? उत्तर सापडले नाही तरी ‘माझ्यापाशी पुरावा नाही’ हे वाक्य मूल शिकेल. आजच्या सार्वजनिक जीवनात या वाक्याची किती टंचाई आहे, हे सांगावयास नको.

आणि इतिहास फार जुनाच असावा लागतो, असे तरी कोणी ठरविले? २६ जुलै २००५ चा महापूर, किंवा २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस आणि तिच्यातून सोडविलेले हजाराहून अधिक प्रवासी, या घटना पाहिलेली माणसे घराघरांत आहेत. एकाच दिवसाच्या पाच आठवणी मुलांनी लिहून आणाव्यात आणि त्या दिवसांच्या वृत्तपत्रांशी ताडून पाहाव्यात. पाणी किती चढले, केव्हा चढले, मदतीस प्रथम कोण आले, यांबाबत पाच साक्षीदार पाच गोष्टी सांगतील. कोणीही खोटे बोलत नसताना हकिकती जुळत नाहीत, हे एकदा अनुभवले की बखरींकडे आणि परकी प्रवाशांच्या वर्णनांकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

हे सारे ऐकावयास बरे. पण साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांची तासिका आणि संपवावयाचा अभ्यासक्रम यांतून हे करावे कधी, असे शिक्षक विचारतील. हा आक्षेप खरा आहे आणि त्यास ‘इच्छा तेथे मार्ग’ असे उत्तर देणे हा शिक्षकांचा उपहास होईल. म्हणून मागणी माफक असावी. प्रत्येक इयत्तेने वर्षातून एकच स्थळ किंवा एकच विषय घ्यावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली आहे. ते दिवस प्रामुख्याने व्यवसायांच्या ओळखीसाठी असले तरी त्यांतील दोन या कामास देता येतील. खर्चाचे म्हणाल तर बदलापूरहून अंबरनाथ हे एकच स्थानक आहे. दूरच्या जलोद्यानाच्या सहलीवर पालक जेवढे पैसे भरतात, त्याच्या एका लहानशा अंशात हे होईल.

दुसरा आक्षेप असा की, गावापुरता इतिहास शिकविल्याने दृष्टी संकुचित होईल. वर दिलेली उदाहरणेच याचे उत्तर आहेत. अंबरनाथची आगपेटी मुलाला स्वीडनपर्यंत नेते, उल्हासनगरची बराक महायुद्ध आणि फाळणीपर्यंत नेते. आपल्या परंपरेतही हे नवे नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळीत फिरले. व्यवसायाने गणिती असलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याभोवतीच्या टेकड्या, वाटा आणि ग्रामदैवते पायी फिरून पाहिली आणि त्यांतून साऱ्या भारताच्या इतिहासाविषयी मूलगामी प्रश्न उभे केले. मुंबईतील संशोधनसंस्थेत नोकरी करीत असताना ते पुण्याहून डेक्कन क्वीनने येत-जात. ती गाडी याच अंबरनाथ-बदलापूरवरून जाते. आपण रोज त्याच खिडकीतून बाहेर पाहतो. फरक पाहण्यात आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ब्रिटनमध्ये १९७२ मध्ये शाळांसाठी जो इतिहास-प्रकल्प सुरू झाला, त्याने साधनांचा अभ्यास आणि परिसरातील स्थळाचा अभ्यास यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले. त्याचे चांगले परिणाम झाले. पण कालांतराने तेथेही साधनांवरील प्रश्न ठरीव होऊ लागले आणि मुले त्यांची ठरीव उत्तरे लिहू लागली. म्हणजे परीक्षेच्या जात्यात टाकले की कोणत्याही धान्याचे पीठच होते. हा धोका आपल्याकडे अधिकच संभवतो. ‘अंबरनाथ मंदिर प्रकल्प’ तयार करून विकणारी दुकाने चार दिवसांत निघतील. त्यावर एकच उपाय दिसतो. परीक्षेत अपठित उताऱ्याप्रमाणे एक अपरिचित साधन द्यावे, जसे एखादे जुने पत्र, जाहिरात, पावती किंवा छायाचित्र, आणि त्यावर पाच गुणांचा प्रश्न विचारावा. दरवर्षी साधन नवे असेल तर मार्गदर्शक पुस्तकाला त्याचे उत्तर आधी छापता येणार नाही. पाच गुण थोडे वाटतील. पण गुणांचे मोल बदलले की वर्गातील व्यवहार बदलतो, हा आमच्या शास्त्राचा तरी अनुभव आहे.

अखेर, पुराव्याची सवय लावल्याने मुले श्रद्धास्थानांविषयी नको ते प्रश्न विचारतील, अशी भीती काहींना वाटते. ज्या थोर पुरुषांचे चरित्र अस्सल कागदपत्रांवर उभे आहे, त्यांना प्रश्नांचे भय नसते. उलट, पुरावा मागण्याची सवय नसलेला तरुणच उद्या कोणीही सांगितलेल्या इतिहासाने पेटून उठतो.

वेळ थोडा आहे

या विषयाची निकड वेगळ्याच कारणाने आहे. शाळा सुधारण्यास उशीर झाला तर शाळा वाट पाहू शकते; पुरावा पाहू शकत नाही. १९४७ मध्ये दहा वर्षांची असलेली मुले आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्या आठवणी येत्या काही वर्षांत कोणी लिहून घेतल्या नाहीत तर त्या कायमच्या गेल्या. बराकींच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. लोकांना चांगली घरे हवीत, त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही, पण पाडण्यापूर्वी एक मोजमाप आणि एक छायाचित्र घेण्यास काय लागते? बंद पडलेल्या कारखान्यांतील कामगारांच्या घरातील कागद दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. अंबरनाथचा दगड ऊन-पावसात झिजतो आहे, आणि आकडा झिजला की दोनशे वर्षांची चूक होते, हे आपण पाहिलेच.

हे काम करण्यास प्रत्येक गावी संशोधनसंस्था उघडता येणार नाही. पण शाळा प्रत्येक गावी आहे. तिन्ही शहरांतील शाळांनी मिळून वर्षाला शंभर मुलाखती, दोनशे छायाचित्रे आणि काही कागदांच्या नकला जमविल्या, त्यांवर सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने, तसेच तारीख आणि ठिकाण नीट नोंदविले, आणि हा संग्रह नगरवाचनालयात किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवला, तर दहा वर्षांत या परिसराचे असे दप्तर तयार होईल की पुढच्या इतिहासकाराला ते उघडल्यावाचून लिहिता येणार नाही. आपण लिहिलेली वही कोणाला तरी खरोखरच उपयोगी पडणार आहे, हे कळले की मूल ती निराळ्या मनाने लिहिते. शाळांनी येत्या वर्षी एका इयत्तेपासून आरंभ करावा. मुख्याध्यापकांनी त्यासाठी दोन दिवस मोकळे करून द्यावेत आणि पालकांनी त्या दोन दिवसांत किती अभ्यासक्रम बुडाला, असे विचारू नये.